नळीतलं शेपूट

भिंतीवर रक्त दिसलं तेव्हा आत्याला वाटलं, दादा पडला. हातातली पळी तशीच टाकून ती बोळात धावली. पण दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, बोळाच्या टोकाला खिडकीपाशी आपल्या खुर्चीत जसाच्या तसा बसलेला होता. त्याच्यापुढे चिल्लर उभा होता. अंगभर आनंदाने वळवळत होता, आणि त्याचं शेपूट एकदा या भिंतीवर, एकदा त्या भिंतीवर आपटत होतं. प्रत्येक आपटीला एक लाल ठिपका.

आत्याने भाचीला लॅबमध्ये फोन लावला. "अगं, तुमचं कुत्रं घर रंगवायला लागलंय. लवकर ये."

भाची, म्हणजे दादाची लेक, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांचं रक्त काचपट्टीवर पसरून बघायचं, हेच तिचं काम, त्यामुळे रक्त बघून हबकणं तिच्यात उरलं नव्हतं. ती आली, चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि आधी भिंत बघितली, मग कुत्रा. ठिपके गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, वडिलांच्या खुर्चीजवळ सगळ्यांत दाट. दाराकडे एकही नाही. म्हणजे जखम घेऊन तो बाहेरून आला नव्हता. इथेच, शेपूट आपटून आपटून टोक फुटलं होतं.

चिल्लर हे नाव वडिलांनी ठेवलेलं. ते बसमध्ये कंडक्टर होते. सगळी नोकरी सुट्या पैशांवरून लोकांशी हुज्जत घालण्यात गेली. पिल्लू घरी आलं तेव्हा गणवेशाच्या खिशात मावत होतं, म्हणून चिल्लर. पुढे ते वासराएवढं झालं, पण नाव काही मोठं झालं नाही. "नाव चिल्लर आणि देह बंद्या नोटेचा," आत्या म्हणायची. शेपूट लांब, आखूड केसांचं, टोकाला चाबकाच्या दोरीसारखं निमुळतं. आणि बोळ असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे.

"आत्या, डोकं धर त्याचं."

"मी? आणि चावला म्हणजे?"

"दात किती उरलेत त्याला?"

"उरलेत तेवढे मला पुरेत गं बाई."

तरी तिने धरलं. लेकीने उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ विरघळवलं होतं. त्या पाण्याची धार ती टोकावर सोडत राहिली. आधी लाल, मग गुलाबी, मग जवळजवळ स्वच्छ पाणी खाली आलं, आणि टोकाची कातडी उकललेली दिसली, उमललेल्या कळीसारखी चारही बाजूंनी. रक्त पुन्हा भरून आलं. तिने घडी केलेली स्वच्छ जाळीपट्टी त्यावर दाबली आणि शेपूट वर उचलून धरून बसली.

"कॉफीची पूड दाब. लगेच थांबतं."

"नंतर ती पूड जखमेतून काढायची कोणी?"

"आमच्या वेळी कोणी काढत नव्हतं."

"म्हणूनच तुमच्या वेळची माणसं मोजकीच उरलीत."

आत्या हसली. बाबांनीही हसून डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर दोनदा ठोकलं. टक टक. हे त्यांचं नवं बोलणं. दोन ठोके म्हणजे डबल बेल: हो, चला, ठीक आहे. एक ठोका म्हणजे थांबा, नको. गेल्या हिवाळ्यात मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि त्यांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. हात थोडा परत आला. समजतही सगळं होतं, पण माणसांशी बोलताना शब्द बाहेर येत नव्हते.

रक्त थांबलं. टोकाभोवतीचे केस तिने वाकड्या कात्रीने बारीक कापले. जखमेवर कापूस ठेवायचा नाही, तंतू चिकटतात. म्हणून व्हॅसलीन लावलेली जाळीपट्टी, तिच्यावर मऊ पट्टी, आणि सगळ्यांत वर चिकटपट्टी. चिकटपट्टीचे वेढे तिने चांगल्या कातडीवर वीतभर वरपर्यंत नेले आणि मध्ये मध्ये केसांचे पुंजके त्यात अडकवले, म्हणजे ती सरकू नये. घट्ट नाही. पट्टीच्या वर आणि खाली बोटाने दाबून शेपूट गार पडलं नाही ना बघितलं. काम नीट झालं होतं.

"चिल्लर," बाबा म्हणाले. अगदी स्पष्ट. "पुढे सरका."

शेपूट उठलं, भिंतीवर आपटलं, आणि पांढऱ्या पट्टीच्या टोकाला लाल टिकली उमटली.

*

जनावरांचा डॉक्टर पोक्त माणूस होता. त्याने शेपटाकडे कमी आणि चिल्लरच्या छातीकडे जास्त वेळ लक्ष दिलं. नळी कानातून काढून तो म्हणाला, "खरा इलाज टोक कापणं. चार बोटं कापली की प्रश्न मिटला. पण याचं हृदय फुरफुरतंय. भूल दिली तर उठेलच असं मी म्हणणार नाही."

"मग?"

"मग हलायचं थांबलं पाहिजे. टोकाला रक्त कमी पोचतं, कातडी ताठ, लगेच खाली हाड. हलत राहिलं तर भरायचं नाही. आणि जंतू हाडात शिरले की वर चढतात."

"कुत्र्याला हलवू नको म्हणून कसं सांगायचं?"

"माझ्याकडे येणारी सगळी कुत्री घाबरून शेपूट पायात घालून बसतात," तो म्हणाला. "ती बघा पटकन बरी होतात."

ती हसली नाही. हे वाक्य मात्र तिच्या डोक्यात राहिलं.

*

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. चित्रांचे पत्ते घेऊन. कपाचं चित्र दाखवायच्या. "हे काय?"

बाबा खूप वेळ ओठ जुळवायचे. "तिकीट."

मांजर. "तिकीट." छत्री. "तिकीट." आणि चूक झाल्याचं त्यांना लगेच कळायचं, कपाळावर घाम यायचा. आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "मांजराला अर्धं तिकीट लाव रे दादा."

मग एका दुपारी, शेपूट फुटायच्या बऱ्याच आधी, चिल्लर बोळात आडवा पसरला होता, आत्याला जायला वाट नव्हती, आणि खुर्चीतून आवाज आला. खणखणीत, भर गर्दीतला: "पुढे सरका! पुढे जागा आहे!"

चिल्लर उठला आणि पुढे सरकला. आत्या मटकन खाली बसली.

बाईंनी समजावून सांगितलं होतं. जे वाक्य माणूस जन्मभर म्हणत आलाय ते डोक्यात वेगळ्या जागी असतं, पाठ झालेल्या पाढ्यासारखं. "हे दार उघडं राहिलंय. त्यातून एकेक नवा शब्द आत घेऊ. पण हे महिने महत्त्वाचे आहेत, हां. आत्ता मेंदू वाट काढतो. नंतर वाटा बुजतात."

त्या दिवसापासून बोळाची बस झाली. चिल्लर एकटा उतारू, आणि कधी न उतरणारा. "कोणी राहिलंय का तिकिटाचं?" बाबा विचारायचे, तो शेपूट हलवायचा. हळूहळू जुन्या वाक्यांना नवी शेपटं फुटली. "पुढे पाणी आहे, चिल्लर." "दार लावा, वारा येतो." एकदा आत्या जिन्याखाली गेली होती तर, "म्हातारी उतरली का?" आत्याने दारातून येता येता ते ऐकलं. "म्हातारी कोणाला म्हणतोस रे, मेल्या?" म्हणून भांडली, आणि त्या दिवशी त्याला चहा दोनदा दिला.

माणसांशी मात्र ठोके. चिल्लर चूक काढत नव्हता, पुढचा शब्द सुचवत नव्हता, आशेने तोंडाकडे बघत नव्हता. निदान लेकीला तसं वाटे.

ती एका शब्दाची वाट बघत होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा तिला बसमध्ये घेऊन जायचे, दारामागच्या पहिल्या सीटवर बसवायचे आणि तपासनीस चढला की म्हणायचे, "ही आमची पासवाली." पुढे ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तरी घरात शिरली की, "आली का पासवाली!" त्यांच्याशिवाय तिला कोणी तसं हाक मारत नव्हतं. आता संध्याकाळी ती दार उघडायची तेव्हा बाबांचे ओठ जुळायचे, थांबायचे, आणि मग टक टक.

*

लॅबमध्ये एक नियम होता: निकाल चुकला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. ती शेपटाच्या बाबतीत तशीच गेली.

आधी भिंती. जुनी पांघरुणं दोन्ही बाजूंना खिळ्यांनी ठोकली. शेपटाला खुर्चीचा पाय सापडला. खुर्चीच्या पायांना स्पंज बांधला. दाराची चौकट सापडली. खुर्ची बाहेरच्या खोलीत नेली; तिथे टेबल होतं, आत्याचा पलंग होता, म्हणून परत बोळात आणली. मग गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, चाटू नये म्हणून.

"आता याला शेजारच्या गावातलंसुद्धा ऐकू येईल," आत्या म्हणाली.

डॉक्टरने सुस्तीच्या गोळ्या दिल्या. चिल्लर दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, श्वास उथळ झाला, तिने गोळ्या बंद केल्या. मग त्याला स्वयंपाकघरात कोंडून बघितलं. दाराच्या पलीकडून बाबांचा आवाज आला की तो दारावरच शेपूट बडवायचा. वर रडायचा ते वेगळंच.

शेवटी तिने लॅबमधून सगळ्यांत मोठी सिरिंज आणली. दट्ट्या काढला, तोंडाकडचा भाग कापला, तापलेल्या सुईने नळीला भोकं पाडली, जखमेला वारा लागावा म्हणून. आतून स्पंजचं अस्तर. पट्टी बांधलेलं शेपूट त्यात सारलं आणि वरून चिकटपट्टीने पक्कं केलं. सबंध सकाळ त्यात गेली.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. तिला एवढं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. "अगं बाई! म्हणीतच ऐकलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं. नळीत घातलंच शेवटी शेपूट!"

"सरळ करायला नाही घातलं, आत्या."

"म्हण तरी तेच सांगते ना? घालणारा दमतो."

नळी टिकली. दिवसामागून दिवस टिकली आणि जखमेच्या कडा कोरड्या झाल्या. लेक कामावर जाताना गुणगुणली, जे ती सहसा करत नसे. मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "चिल्लर, घर आलं. उतरा," हे वाक्य त्यांनी त्याआधी कधीच म्हटलेलं नव्हतं. चिल्लरने मागचं अख्खं अंग हलवलं. नळी सुटली, उडाली आणि बाबांच्या कपावर आपटली. तिच्याबरोबर खपलीही गेली. चहा आणि रक्त एकाच वेळी खाली सांडलं. बाबांच्या पायजम्यावर, भिंतीवरच्या पांघरुणावर, आत्याच्या पायांवर थेंब.

लेकीने जखम धुतली. मांसाच्या मधोमध पांढरं काहीतरी दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते हाड होतं. त्याला वासही येऊ लागला होता, गोडसर, आणि जंतू झाल्याचा तो वास तिला लॅबमधून ओळखीचा होता.

*

रविवारी ती बोळात स्टूल टाकून दिवसभर बसली. हातात काही नाही, नुसती बघत. आत्या गेली-आली, शेपटाचं टोक एकदा उचललं आणि खाली ठेवलं. लेक स्वतः उठली, पाणी पिऊन आली, शेपूट दोनदा हललं, ओळख दिल्यासारखं. आणि बाबा बोलले की मात्र कमरेपासून मागचा सगळा कुत्रा शेपूट व्हायचा.

म्हणजे बदलायची एकच गोष्ट उरली होती.

तिला कळत नव्हतं असं नाही. बाईंचं बोलणं तिला पाठ होतं. पण तिने असा हिशोब केला: प्रश्न थोड्याच आठवड्यांचा आहे. आणि बोलणं थोडंच बंद होणार? कुत्र्याकडचं माणसांकडे वळेल. लॅबमधल्या मोरीवर दोन नळ एकाच पाइपवर होते. एक बंद केला की दुसऱ्याला जोर यायचा. हे तिने रोज बघितलेलं होतं. मेंदूच्या बाबतीत ते कोणत्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ती बाबांच्या पुढ्यात खाली बसली. पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं नीट सांगितलं. पांघरुणावरचे ठिपके दाखवले. हा कालचा, हा सकाळचा, हा तुम्ही पाणी म्हणालात तेव्हाचा. पट्टी सोडून हाड दाखवलं.

"तुमचा आवाज ऐकला की हलवतो तो, बाबा. थोडे दिवस त्याच्याशी बोलू नका. माझ्याशी बोला. आत्याशी बोला. चालेल?"

बाबांनी ठिपके बघितले. मग चिल्लरकडे बघितलं. चिल्लर लगेच उठायला लागला, तेव्हा त्यांनी घाईने मान खिडकीकडे वळवली. डावा हात दांड्यावर बराच वेळ नुसता राहिला.

टक टक.

*

अख्ख्या नोकरीत बाबांनी बिनतिकिटाचा माणूस सोडला नव्हता, सख्खा मेहुणासुद्धा. नियम म्हणजे नियम. चिल्लर गुडघ्यावर नरसाळं टेकवून उभा राहायचा, ते खिडकीबाहेर बघायचे. पहिले काही दिवस त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "अगं, हे मला बघवत नाही."

"थोडेच दिवस."

"कुत्र्याचं म्हणत नाहीये मी."

चिल्लरही समजला, किंवा त्याने नाद सोडला. तो खुर्चीखाली पडून राहू लागला. लिफ्ट वाजली तरी उठेना. वाडगं पुढे सरकवलं तर झोपूनच खायचा.

आणि जखम भरू लागली. हाडावर लालसर दाणेदार मांस चढलं, ते झाकलं गेलं. वास गेला. कडेने पातळ, चकचकीत, गुलाबी कातडी आत सरकू लागली, रोज नखभर. लेक पट्टी सोडायची तेव्हा तिला आनंद व्हायचा. खरा, शिकलेल्या माणसाचा आनंद, कारण आणि परिणाम एका ओळीत आल्याचा.

पट्टी झाली की ती चित्रांचे पत्ते घेऊन बाबांसमोर बसायची. "हे काय, बाबा?"

कप. बाबा कपाकडे बघत राहायचे.

"सांगा ना. माझ्याशी बोलायचं ठरलंय आपलं."

तिच्या लक्षात यायला काही दिवस गेले. "तिकीट" सुद्धा येत नव्हतं. चुकीचा शब्दही निघून गेला होता.

बाई मध्यंतरी रजेवर होत्या; परतल्यावर पहिल्याच भेटीत त्यांच्या ते लक्षात आलं. पत्ते पिशवीत भरता भरता त्या म्हणाल्या, "काही घडलं का घरात? खूप मागे गेलेत."

लेकीने सांगितलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"मला विचारायचं होतंत."

"हाड दिसत होतं."

"हो, पण मला विचारायचं होतंत. आजपासून सुरू करा परत. आत्ता, मी असताना."

लेकीने खाली बघितलं. खुर्चीखालून शेपटाचं टोक बाहेर आलं होतं. कातडी आली होती, पण कोवळी होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. एका आपटीत सगळं परत पहिल्यापासून.

"एक आठवडा द्या," ती म्हणाली. "आठवड्यात पक्की होईल."

"तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "घर तुमचं आहे."

*

त्याच आठवड्यात भांडी विसळताना आत्या म्हणाली, "घर कसं सुनं सुनं झालंय. संध्याकाळ झाली की वाटतं, आता दादा ओरडेल, पासवाली आली."

लेकीच्या हातात ताट होतं. "काय?"

"तेच. तुझ्या लिफ्टचा आवाज आला की चिल्लरला सांगायचा ना. 'चिल्लर, पासवाली आली.' आणि ते वेडं नाचायचं."

"कधी म्हणाले?"

"कधी म्हणजे? रोज म्हणायचा." आत्याने नळ बंद केला. "पार आपण ती पांघरुणं ठोकली तेव्हापासून. तू दार उघडलंस की गप्प. मला वाटलं, तुला बाहेर ऐकू येत असेल."

लिफ्टचं दार जाळीचं होतं, खडखडायचं. त्या खडखडाटात आतलं काही ऐकू येत नव्हतं.

तिने ताट पुसून मांडणीत ठेवलं. मग ओल्या हातानेच बोळात गेली. "बाबा, आता बोला. आता चालेल. चिल्लरला हाक मारा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली, चिल्लरकडे, पट्टीकडे. तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला, आणि नुसता श्वास बाहेर पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग डावा हात तोंडावर ठेवला, सवयीने.

*

डोक्याचं पुन्हा स्कॅन झालं. नवीन गाठ नव्हती. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. काही जणांचं येतं, काही जणांचं येऊन जातं. घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. लेकीने स्वतःशी हेच पुष्कळ वेळा म्हणून बघितलं. एकाच माणसावरून काही सिद्ध होत नाही. गप्प राहायला न सांगता हे असंच झालं असतं का, ते बघायला दुसरे बाबा आणि दुसरा बोळ लागला असता. तिचं शास्त्र तिला दोषी म्हणत नव्हतं आणि सोडतही नव्हतं.

बाई अजून काही दिवस आल्या. मग आठवड्यातून एकदा, मग फोनवर. वाटा बुजतात असं त्या परत म्हणाल्या नाहीत.

शेपूट पूर्ण बरं झालं. टोकाला केस आले नाहीत. गुलाबी, गुळगुळीत गाठ राहिली. नरसाळं माळ्यावर गेलं. पांघरुणं काढली, गार पाण्याने धुतली. गरम पाण्याने रक्ताचा डाग कायमचा बसतो. भिंतींवर खिळ्यांची भोकं राहिली. चिल्लर बोळात लोळायचा तेव्हा आत्या त्याला ओलांडून जायची, 'पुढे सरका' कोणी म्हणत नव्हतं.

लेकीला एक खोड लागली. कामावरून आली की पर्स अडकवायच्या आधी ती भिंतीचा खालचा भाग बघायची. एकदा तिथे खरंच लाल ठिपका होता, खुर्चीजवळ, गुडघ्याच्या उंचीवर. तिने चिल्लरचं शेपूट न बघता आधी ओल्या कापसाने ठिपका टिपला. कापूस केशरी झाला. बी निघालं. टोमॅटो.

"आज इथे बसून चिरताना उडाला वाटतं," आत्या म्हणाली. मग तिने भाचीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि फडक्याने भिंत पुसून घेतली.

लिफ्टमधून बाहेर आल्यावर ती आता दाराशी थोडी थांबायची. जाळीचा खडखडाट पूर्ण विरला की कान लावायची. आत पंखा, आत्याची भांडी, कधी चिल्लरच्या नखांची टकटक.

एका संध्याकाळी ती अशीच थांबली, मग आत आली. बाबा खिडकीपाशी होते, चिल्लर खुर्चीखाली. ती चपला न काढताच बोळाच्या या टोकाला उभी राहिली आणि लहानपणी पहिल्या सीटवर बसून जे शेकडो वेळा ऐकलं होतं ते तिने त्याच चालीत म्हटलं, मोठ्याने, घर घुमेल असं:

"पुढे सरका! पुढे जागा आहे!"

चिल्लरने डोकं उचललं. कान उभे झाले. तो उठला, खुर्चीखालून बाहेर आला, आणि तिच्याकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. गुलाबी टोक जमिनीपासून किंचित वर आलं.

"बाबा, तुम्ही म्हणा. लागलं तरी लागू दे त्याला. मी बांधीन परत. कितीही वेळा बांधीन."

बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बोट वर झालं.

टक.

ती दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली. चिल्लर जागच्या जागी फिरला, अंग सैल सोडलं आणि खुर्चीखाली परत आडवा झाला.

"आलीस का गं?" आत्या आतून म्हणाली. "चहा ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली, आणि पर्स खुंटीला अडकवली.